पुण्यातला पिंगळा आणि सातपुड्यातला वनपिंगळा

माननीय संपादक,
स. न.

टेकडीवर टिपलेल्या साध्या पिंगळ्याचे छायाचित्र 'दुर्मिळ वनपिंगळा पुण्यात' म्हणून समाजमाध्यमांवर फिरते तेव्हा चुकीची नोंद तयार होते, आणि ती पुसणे फार अवघड असते. म्हणून हे पत्र.

दोन्ही पक्षी घुबडांच्याच कुळातले. ब्रिटिश पक्षीतज्ज्ञ ए. ओ. ह्यूम यांनी १८७३ मध्ये वनपिंगळ्याचे शास्त्रीय वर्णन केले. काही काळ तो हेटेरोग्लॉक्स या वेगळ्या गटात गणला गेला. जनुकीय अभ्यासानंतर आता पिंगळ्यासोबत अथेनी गटात आहे. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पुरावाच नव्हता. तो थेट नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सापडला. तोरणमाळ, यावल, मेळघाट अशी सागाची पानगळीची जंगले हे त्याचे घर. २०१४ मध्ये तो तानसा अभयारण्यातही आढळला. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत तो २०१८ पासून 'अतिसंकटग्रस्त'ऐवजी 'संकटग्रस्त' आहे. धोका टळला असा याचा अर्थ नाही. वृक्षतोड, वणवे आणि जंगलातील अतिक्रमणे चालूच आहेत.

ओळखताना आधी डोके पाहा. पिंगळ्याच्या माथ्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, वनपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा. वनपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी रंग सलग असतो, खाली पोट पांढरेशुभ्र, पायांवर दाट पांढरी पिसे, शेपटीवर रुंद पट्टे. पिंगळ्याच्या पोटावर तपकिरी खुणा खालपर्यंत उतरतात. दिवसा दिसला म्हणून तो वनपिंगळा ठरत नाही. पिंगळाही ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतो. अंगभर बारीक आडव्या रेघा असतील तर तो तिसराच, जंगली पिंगळा. छायाचित्र समोरून आणि पाठीमागून, दोन्ही बाजूंनी हवे. फ्लॅश नको, आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे तर मुळीच नको.

पिंगळा 'कमी धोक्याच्या' यादीत आहे, पण त्याला ढोली लागते आणि ती मुख्यतः जुन्या वड, पिंपळ, आंब्यात मिळते. रस्तारुंदीत हीच झाडे आधी जातात. उरलेल्यांच्या ढोल्यांत सिमेंट भरले की जोडीची जागाच संपते. आपल्याकडे त्याची वीण मुख्यतः फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये होते, आणि पावसाळापूर्व छाटणी नेमकी त्यालाच लागून येते. सोसायट्यांनी फांदी उतरवण्याआधी सलग दोन-तीन संध्याकाळी ढोलीकडे लक्ष ठेवावे. ये-जा दिसली तर पिल्ले उडेपर्यंत थांबावे. तोडीची नोटीस लागली असेल तर वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी हरकत घेताना ढोलीचे छायाचित्र जरूर जोडावे.

– एक पक्षी अभ्यासक, कोथरूड, पुणे