वन्यजीव सप्ताह मार्चमधे घ्या

संपादक साहेब, नमस्कार,

दरवर्षी ऑक्टोबर लागला की तुमच्या पेपरात वन्यजीव सप्ताहाच्या बातम्या सुरू होतात, रॅली निघाली, चित्रकला स्पर्धा झाली, पाहुण्यांनी जंगलाचं महत्त्व सांगितलं वगैरे. फोटोत शाळेची पोरं आणि साहेब लोक, गावातलं मोठं माणूस शोधूनही सापडत नाही. सापडेल कसं, १ ते ७ ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडं सोयाबीन काढणीचे दिवस, मजूर मिळत नाही, वरून पावसाचा भरोसा नाही, अशात सकाळी अकराच्या भाषणाला कोण जाईल? आणि मग म्हणतात गावकऱ्यांत जागृती नाही.

मी चिमूर तालुक्यातला शेतकरी, ताडोबाचा बफर, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाचा बाहेरचा पट्टा, आमच्या शिवारापासून लांब नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की गावकऱ्यांशी खरी चर्चा मार्च लागायच्या तोंडावर व्हावी, मोहाची फुलं पडायच्या आधी, आणि रात्री, भांडीकुंडी आटोपल्यावर, म्हणजे बायांना येता येईल. कारण जंगलात त्याच जास्त जातात.

मोहफुलं पहाटे पडतात. उजाडायच्या आत झाडाखाली पोहोचलं नाही तर चितळ-सांबर खाऊन जातात, अस्वलालाही मोहाचा भारी नाद. आता जिथं चितळ तिथं वाघ येणारच, आणि बाई टोपली घेऊन वाकून, कधी उकिडवी बसून वेचते, मागून पाहणाऱ्या वाघाला ते चार पायांचं जनावर वाटतं. झाडाखालचा पालापाचोळा जाळतात ते पण फुलं स्वच्छ दिसावी म्हणून, त्यातून वणवा लागतो, सगळ्यांना ठाऊक आहे. याला साधा उपाय आहे, झाडाखाली जाळी बांधायची, फुलं जाळीवर पडतात, मातीही लागत नाही, जाळायची गरज नाही आणि वाकून वेचायचं कामही कमी. पण हे ऑक्टोबरमधे सांगून काय उपयोग, तेव्हा मोहाला फूल तरी आहे का?

मे महिन्यात तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचं पान. ७० पानांचं एक पुडकं, भाव पुडक्यांच्या शेकड्यावर, म्हणून बाया चांगली पानं शोधत एकमेकींपासून पांगतात. कोणी कोणत्या कंपार्टमेंटमधे, म्हणजे जंगलाच्या कोणत्या तुकड्यात, कधी जायचं, वाघीण पिल्लांसोबत कुठं फिरतेय, हे आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर गावाला कळवणं अवघड आहे का? कॅमेरा ट्रॅपमधे सगळं दिसतं म्हणतात ना. वाघानं माणूस मारला तर सरकारकडून २५ लाख मिळतात, नाही म्हणत नाही, पण ते गेल्यावर.

आणि वाघ आम्हाला नवा नाही हो. ताडोबा देव म्हणजे तारू, गावचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला अशी गोष्ट आहे, तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात लोकं दर्शनाला जातात. म्हणजे वाघानं माणूस मारला आणि लोकांनी देव मांडला, वाघावर सूड नाही घेतला. अशा लोकांना बाहेरून येऊन निसर्गप्रेम शिकवतात तेव्हा हसावं की रडावं कळत नाही. आमच्यातही शेताच्या कुंपणात करंट सोडणारे आहेत, ते चूकच, त्यात वाघही मरतो आणि शेजारचा माणूसही. पण रात्रभर रोही (नीलगाय) आणि डुकरं हाकलून सकाळी अर्धा हरभरा भुईसपाट दिसला की डोकं फिरतं, ते पण लिहा कधी.

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्स्यांनी वाघिणीला बछड्यांसोबत अडवलं, ती बातमी किती दिवस चालली, चालायलाच पाहिजे होती, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली. पण डुकराच्या नुकसानीचा पंचनामा महिनाभर होत नाही, त्याची दोन ओळींचीही बातमी होत नाही.

येत्या मार्चमधे तुमचा वार्ताहर आमच्या गावात रात्रीच्या बैठकीला पाठवा. जेवायची, झोपायची सोय करतो, जिप्सीची तेवढी होणार नाही.

तुमचा एक वाचक,
ता. चिमूर, जि. चंद्रपूर