गुरुवारची गोळी

प्रिय सायली,
अनेक आशीर्वाद.

चिठ्ठीचा फोटो नीट पाहिला. मेथोट्रेक्सेट १० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. तुझ्या संधिवाताला औषध योग्यच आहे, पण त्यापुढे सवयीने १-०-० लिहिलंय ते मला मुळीच आवडलं नाही. कुठलाही केमिस्ट ते 'रोज सकाळी एक' असंच वाचेल. ही गोळी रोज घेतली तर काही दिवसांत तोंड सोलवटतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कोसळतात, माणूस दगावूही शकतो. डॉक्टरांकडून 'दर गुरुवारी' असं अक्षरात लिहून घे. गुरुवार अशासाठी, की पुण्यात पाणी बंदचा वार कोणी विसरत नाही!

गोळ्या २.५, ५, ७.५, १० अशा मिळतात. एका दुकानात दहाची नाही म्हणून अडीचच्या चार दिल्या आणि पुढच्या महिन्यात दहाची मिळाल्यावर 'चार घ्यायच्या' एवढंच डोक्यात राहिलं, तर झाले चाळीस. म्हणून कायम दहाचीच घे. कात्रीने कापलेली स्ट्रिप घेऊ नकोस. नाव आणि मिलिग्रॅम नेमके दुकानात उरलेल्या तुकड्यावर राहतात.

शनिवारची फॉलिक ॲसिड ५ मिलिग्रॅम वेगळ्या डबीत ठेव. दोन्ही गोळ्या बारीक आणि बहुधा पिवळ्याच. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेटचा (फॉलिक ॲसिड हे त्याच जीवनसत्त्वाचं रूप) वापर अडवतं, त्यामुळे तोंड येतं, मळमळतं. शनिवारची गोळी त्यावरच आहे.

गुरुवार चुकला तर शनिवारपर्यंत घे. त्यानंतर आठवली तर सोडून दे. दुप्पट कधीच नाही. चुकून जास्त गेली तर काही होत नसलं तरी स्ट्रिप घेऊन तडक हॉस्पिटल गाठ. फोलिनिक ॲसिड (शनिवारचं फॉलिक नव्हे) हा उतारा लवकर दिला तरच नीट लागू पडतो.

ताप, घसा, तोंडात फोड, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला आणि धाप यांतलं काहीही दिसलं तर त्या आठवड्याची गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना फोन कर. जुलाब-उलट्यांतही तेच. औषध किडनीवाटे बाहेर पडतं; अंगातलं पाणी कमी झालं की ते आतच साचतं. (पावसाळ्यात गाडीवरची पाणीपुरी सध्या राहू दे.)

लघवीच्या इन्फेक्शनवर सर्रास दिलं जाणारं कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक तुला चालणार नाही. कुठल्याही दवाखान्यात हे आधी सांग. पेनकिलर मनाने नको, दारू नको. मूल हवं असेल तेव्हा काही महिने आधी डॉक्टरांशी बोलून औषध बंद करावं लागतं, गर्भाला ते घातक आहे.

सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (लिव्हर), क्रिएटिनिन (किडनी) या रक्ततपासण्या सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी, पुढे दोन-तीन महिन्यांनी. एक रिपोर्ट चांगला आला म्हणून पुढचा टाळायचा नाही.

वार लिहून घेतलास की चिठ्ठीचा नवा फोटो पाठव. तोवर पहिली गोळी नको.

तुझी
आई