‘कार्यक्रम पार पडला’ हे उत्तर मान्य नाही : तिकिटांच्या परताव्याबाबत तक्रार

पुणे, ६ जानेवारी २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
तिकीट विक्री व कार्यक्रम आयोजन विभाग, मुंबई

विषय : १४ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यात खुल्या मैदानावर झालेला गाण्याचा कार्यक्रम. चार ‘गोल्ड’ तिकिटे, सदोष ध्वनियोजना आणि परताव्याची मागणी.

महोदय / महोदया,

माझ्या पहिल्या तक्रारीवर आपल्या ग्राहकसेवेने पाठवलेले उत्तर असे : ‘आपल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कार्यक्रम पार पडला असल्यामुळे परतावा देता येणार नाही.’ त्याखाली, या उत्तराने समाधान झाले का, हे पाच चांदण्यांमध्ये कळवण्याची विनंती. चांदण्या मी दिलेल्या नाहीत. हे पत्र देते आहे.

कार्यक्रम पार पडला हे मला मान्य आहे. गायक आले, वादक आले, दिवे फिरले, धूरही सोडला गेला. फक्त आम्ही पैसे मोजून घेतलेल्या जागेवर गाणे ऐकू येत नव्हते. आपण आम्हाला विकलेली वस्तू गाणे ऐकणे हीच होती. धूळ, गर्दी, पार्किंगपासूनची पायपीट, या सगळ्याची पुणेकराला सवय आहे आणि त्याबद्दल मी एक ओळही लिहिणार नाही. गायकांचे नावही मुद्दाम लिहीत नाही, कारण तक्रार त्यांच्याबद्दल नाही. ते मनापासून गात असावेत, असे पडद्यावरच्या चेहऱ्यावरून वाटत होते.

आम्ही चौघे होतो : मी, माझे यजमान, कॉलेजात शिकणारी मुलगी आणि सासूबाई. तिकिटाचा दर ३,५०० रुपये, म्हणजे चौघांचे १४,०००. शेवटच्या पानावर पोचल्यावर त्यात ‘कन्व्हीनियन्स फी’ आणि तिच्यावरचा कर मिळून १,६५२ रुपयांची भर पडली. पहिल्या पानावर एक किंमत दाखवून शेवटच्या पानावर दुसरी लावायची, या प्रकाराला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३च्या ‘डार्क पॅटर्न’विषयक, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या ऑनलाइन युक्त्यांविषयीच्या, मार्गदर्शक सूचनांत ‘ड्रिप प्रायसिंग’ असे नाव आहे. तिथपर्यंत येताना डोक्यावर दहा मिनिटांचे घड्याळ उलटे पळत होते, त्यामुळे भांडायला वेळ नव्हता, पैसे भरले.

त्या दिवशी संकेतस्थळावर मैदानाचा जो नकाशा होता, त्याचे छायाचित्र माझ्याकडे आहे. पुढे व्यासपीठ, त्यानंतर ‘फॅन पिट’, आणि त्याला लागून आमचा ‘गोल्ड’. प्रत्यक्षात पिट आणि गोल्ड यांच्यामध्ये लोखंडी पाइपांचा, माणसाच्या उंचीचा एक मंच उभा केला होता. त्यावर सोफे, सोफ्यांवर पाहुणे, पाहुण्यांच्या पुढ्यात खाण्याच्या बशा. नंतर विकायला काढलेला ‘लाउंज’ तो हाच. त्याच्या खाली आणि मागे आम्ही. सासूबाईंची उंची जेमतेम पाच फूट. सबंध संध्याकाळ त्यांना सोफ्यांचे पाय आणि वर काळे आकाश दिसले. ‘आराखड्यात बदल करण्याचा अधिकार आयोजकांना राहील’ असे आपल्या अटींमध्ये बारीक अक्षरात आहे, ते मी वाचले आहे. व्यासपीठ चार हात सरकले तर तो बदल समजता येईल. विकलेल्या जागेपुढे भिंत घालून त्या भिंतीवरच्या जागा जास्त भावाने विकणे, ही दुसरी विक्री झाली.

तरी दिसले नसते तर चालले असते. आम्ही ऐकणारी माणसे आहोत. सासूबाई सवाई गंधर्व महोत्सवाला तरुणपणापासून जातात. रमणबागेत भारतीय बैठकीवर शाल पांघरून पहाटेची भीमसेनांची सांगता ऐकलेली ती पिढी. व्यासपीठ दिसत नसेल तर त्या डोळे मिटून घेतात, त्यांना काही अडत नाही. मुलीचा हे गायक म्हणजे जीव की प्राण, आणि आजीने एकदा तरी त्यांना समोर ऐकावे हा तिचाच हट्ट होता. मी स्वतः एका हौशी नाट्यसंस्थेत बरीच वर्षे ध्वनिसंयोजन करते. तेव्हा पुढचे मी चिडून नाही, माहिती असल्यामुळे लिहिते आहे.

मोठ्या मैदानावर व्यासपीठाजवळच्या स्पीकरांचा आवाज मागे नीट पोचत नाही, म्हणून मध्ये मनोऱ्यांवर आणखी स्पीकर टांगतात. ध्वनी हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. व्यासपीठापासून आम्ही नव्वदेक मीटरवर होतो, म्हणजे पुढच्या स्पीकरांतला आवाज आमच्यापर्यंत यायला पाव सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागणार. तारेतून मात्र तोच आवाज मनोऱ्यावर त्याच क्षणी पोचतो. म्हणून मनोऱ्याचा आवाज तेवढाच मुद्दाम उशिरा सोडायचा असतो, म्हणजे दोन्ही मिळून कानाला एकच लागतात. या मनोऱ्यांना साऊंडवाले ‘डिले टॉवर’ म्हणतात ते त्यामुळेच. हे जुळवणे ही काही दिव्य विद्या नव्हे. दुपारच्या साऊंडचेकला मोजणीचा एक माइक आणि मैदानात मागे जाऊन उभा राहणारा एक माणूस लागतो.

१४ डिसेंबरला तो माणूस मागे गेला नव्हता. तबल्याची प्रत्येक थाप आम्हाला दोनदा ऐकू आली : आधी मनोऱ्यावरून, मग पुढून. संथ गाण्यात शब्द एकमेकांवर चढत होते, आणि द्रुत गाण्यात तर नुसता गलका. दुसऱ्या गाण्याला सासूबाईंनी माझ्या कानाशी येऊन विचारले, “अगं, दोघं जण गातायत का?” तिसऱ्या गाण्यानंतर उजवीकडचा मनोरा पूर्ण बंद पडला आणि शेवटपर्यंत बंदच राहिला. गंमत म्हणजे त्यामुळे उजवीकडच्या लोकांना हळू का होईना, पण एकच गाणे ऐकू येऊ लागले. आमच्यातले काही जण कठड्याच्या कडेकडेने तिकडे सरकले.

मी मध्ये मिक्सर मांडलेल्या तंबूपर्यंत गेले. ‘क्रू’ लिहिलेला टी-शर्ट घातलेल्या मुलाने मला आत सोडले नाही, ते योग्यच होते. मी त्याला दोनदा ऐकू येणाऱ्या आवाजाबद्दल सांगितले. तो म्हणाला, “मॅडम, आवाज मोठा आहे ना?” आवाज मोठा होता, यात वाद नाही.

त्यात गोल्डच्या डाव्या कडेला आपल्या प्रायोजकांचा स्टॉल होता. मोबाइल फोन दाखवायला त्यांनी स्वतःचे दोन स्पीकर आणि स्वतःचा डीजे आणला होता. गायक हार्मोनियमच्या साथीवर एक संथ गझल गात असताना या स्टॉलवर सेल्फीची स्पर्धा चालू होती. विजेत्याचे नाव मला गझलेपेक्षा स्पष्ट ऐकू आले.

आता वेळेबद्दल. तिकिटावर साडेसहा, कार्यक्रम सुरू झाला आठ वाजून दहा मिनिटांनी. दरवाजे चारला उघडले, त्यामुळे लोक दुपारपासून रांगेत. तो वेळ खरे तर बरा गेला. आमच्यापुढे कोल्हापूरहून रात्रीच्या एसटीने आलेल्या दोन मुली होत्या, त्यांच्याकडे गायकांच्या कुठल्या कार्यक्रमात कोणते गाणे कितवे झाले याची वही होती. त्यांच्यापुढे पन्नाशीचे एक गृहस्थ. ते १ नोव्हेंबर १९९६ला अंधेरीत मायकल जॅक्सनला बघून आलेले. “माणूस करंगळीएवढा दिसला, पण ऐकलं ते अजून अंगात आहे,” असे ते सांगत होते. सासूबाईंनी त्यांना रमणबागेतल्या रात्री ऐकवल्या. अनोळखी माणसे एवढ्या जिव्हाळ्याने आपापली गाणी काढून दाखवतात, ती अशा रांगेतच. ती रांग आपण उभी केली नव्हती, तेव्हा तिचे श्रेय देत नाही.

उशिराचा परिणाम मात्र आपल्या खात्यावर आहे. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषण नियमावली २०००चा नियम. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकते. त्या रात्री ती आपल्याकडे नव्हती, कारण बरोबर दहाला आवाज तोडला गेला, तोही गायक अंतऱ्यात असताना. या नियमापायी पुण्यात सवाईची रात्र गेली, मध्यरात्रीनंतरचे राग मैदानावर ऐकायची सोय गेली. इथल्या श्रोत्याला दहाचा अर्थ आपण सांगायची गरज नाही. आपल्यालाही तो आयत्या वेळी कळला असे म्हणता येणार नाही. शंभर मिनिटांचा उशीर आपण केला आणि तो आमच्या गाण्यातून कापून घेतला. गायकांना काय म्हणायचे होते ते ओठांच्या हालचालींवरून आम्ही ओळखत होतो. कोल्हापूरच्या मुलींच्या वहीप्रमाणे शेवटची पाच गाणी राहिली.

दहा वाजून पाच मिनिटांनी माझ्या फोनवर आपला संदेश : ‘कसा होता अनुभव?’

मनगटावरच्या पट्ट्याचेही लिहून ठेवते. मैदानात रोख पैसे चालत नव्हते, बाहेरचे पाणी आत नेऊ दिले नाही, आणि पट्टा किमान ५०० रुपयांनी भरावा लागत होता. माझ्या पट्ट्यात २६० रुपये उरले. ते परत मागण्याची खिडकी साडेनऊला, म्हणजे कार्यक्रम चालू असतानाच, बंद झाली.

माझ्या मागण्या अशा. चार तिकिटांचे १४,००० रुपये, त्यांवरचे १,६५२ आणि पट्ट्यातले २६०, एकूण १५,९१२ रुपये, ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात परत यावेत. गोल्डच्या पुढे लाउंज घालण्याचा निर्णय कोणत्या तारखेला झाला आणि त्याआधी तिकिटे घेतलेल्यांना का कळवले नाही, हे लेखी हवे. मनोऱ्यांची जुळणी कोणी आणि किती वाजता तपासली, याची नोंद असल्यास तिची प्रत हवी. नसल्यास तसेही लिहून चालेल.

ई-कॉमर्सविषयीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. यंत्राने लिहिलेली पोच मी पोच धरते, यंत्राने लिहिलेले निवारण मात्र धरणार नाही. महिनाभरात समाधान झाले नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. मी राहते तिथेच दावा करता येतो, आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला शुल्क नाही. गाण्याच्या कार्यक्रमापायी कोणी कोर्टात जात नाही असे आपल्या विधी विभागाला वाटत असेल, तर रांगेतल्या त्या गृहस्थांच्या १९९६च्या कार्यक्रमाची माहिती काढावी : त्याला दिलेल्या करमणूक कराच्या माफीविरुद्ध मुंबई ग्राहक पंचायत उच्च न्यायालयात गेली होती.

नकाशाचे छायाचित्र, चारही तिकिटे, पैसे भरल्याची पावती, पट्ट्याचा शिल्लक दाखवणारा फोटो आणि मुलीने आमच्या जागेवरून काढलेली दीड मिनिटाची चित्रफीत सोबत जोडली आहे. चित्रफीत शक्यतो हेडफोन लावून ऐकावी, थाप दोनदा पडते ती त्यात स्वच्छ कळते.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर पुढच्या कार्यक्रमासाठी वीस टक्के सवलतीचे कूपन देऊ केले होते. ते नको आहे.

कळावे,

आपली ग्राहक
(नाव, पत्ता व बुकिंग क्रमांक सोबतच्या तिकिटांवर)