पात्र महिला शोधल्या कुठे?

संपादक महोदय,

संचालक मंडळावरील महिलांच्या सक्तीबद्दलचा कालचा लेख वाचला. पात्र महिला मिळतच नाहीत तर कंपन्यांनी करायचं काय, हा लेखकमहाशयांचा सवाल वाचून करमणूक झाली. माझी सगळी नोकरी शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या सेक्रेटरियल विभागात, म्हणजे मंडळाच्या बैठका आणि कायद्याची कागदपत्रं सांभाळण्यात गेली. हा शोध कसा घेतात ते सांगते.

किमान एक महिला संचालक हवी, हे २०१३च्या कंपनी कायद्याने सांगितलं. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीची त्यासाठीची मुदत आधी १ ऑक्टोबर २०१४ होती, ती वाढून १ एप्रिल २०१५ झाली. आमच्याकडे शोध सुरू झाला मार्चमध्ये आणि संपला प्रमोटरच्या, म्हणजे कंपनीच्या मालक कुटुंबाच्या घरातच. धाकट्या सूनबाईंचा डीआयएन (संचालकाचा ओळख क्रमांक) काढला, डीआयआर-२ या संमतीच्या फॉर्मवर त्यांची संमती आली, काम फत्ते! पुढे त्यांच्या डिजिटल सहीचं टोकन आणि पासवर्डची चिठ्ठी आमच्याच खणात असायची. सूनबाईंवर माझा राग नाही. त्यांना तरी कुणी धड विचारलं होतं की नाही, देव जाणे.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सूनबाईंची नेमणूक झाली त्याच बैठकीत आमच्या वित्त विभागातल्या एक वरिष्ठ बाई होत्या, चार्टर्ड अकाउंटंट. तिमाहीचे आकडे, बँकांची कर्जं, ऑडिटरचे शेरे, सगळं मंडळाला त्याच समजावून सांगत. इतिवृत्तात त्यांचं नाव ‘विशेष निमंत्रित’ म्हणून. त्यांचा विषय संपला, अध्यक्ष “थँक यू मॅडम” म्हणाले, बाई फायली उचलून बाहेर गेल्या. विषयपत्रिकेवरचा पुढचाच विषय होता महिला संचालकाची नेमणूक. आता बोला!

कायद्याला नात्यातली बाई चालते, ही खरी मेख आहे. सेबीने पुढे स्वतंत्र, म्हणजे प्रमोटरशी नातं नसलेली, महिला संचालक हवी म्हटलं, पण तेही बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० कंपन्यांना २०१९पासून आणि पहिल्या हजारांना २०२०पासून. बाकीच्यांना घरचं माणूस आहेच. नॉर्वेने मंडळावर ४० टक्के महिला हव्यात असं सांगितलं, न पाळणारी कंपनी बरखास्त होईल असंही बजावलं, आणि २००८पर्यंत बायका सापडल्या. आभाळातून पडल्या की काय? पात्रतेचा एवढाच कळवळा असेल, तर शिक्षण संपताच थेट मंडळावर बसणाऱ्या चिरंजीवांची आणि जावयांची पात्रता कुणी तपासली, यावरही लेखकमहाशयांनी एकदा लिहावं. आम्ही आवडीने वाचू.

आणखी एक. कंपनी कायद्यावरचा हा लेख आपण अर्थपानावर न छापता महिला पुरवणीत का छापलात? मागे मी लाभांशावरच्या टीडीएसबद्दल पत्र पाठवलं होतं. चौकशी केली तेव्हा कळलं की तेही पुरवणीच्याच टेबलावर गेलं होतं. लाभांश पुरुषांनाही मिळतो. हे पत्र तरी कृपया योग्य टेबलावर पाठवावं.

– एक निवृत्त वाचक