थंडीत मनालाही ऊन हवे

थंडी पडली की आमच्या गल्लीतली वयस्कर माणसे कानटोपी घालून, दारे-खिडक्या लावून घरातच बसतात. सांधे दुखतात हे खरेच. पण बोलणे कमी होते, जेवणावरची वासना उडते, त्याकडे कोणी बघत नाही. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ ताळ्यावर राहते, रात्रीची झोपही सुधारते. रंकाळा तलावाच्या काठावर आठनंतर छान कोवळे ऊन असते. घरातल्या तरुणांनी आजी-आजोबांना हाताला धरून तिथे न्यावे, चार माणसांत बसवावे. आमच्या भागातली बाग मात्र ऊन अंगाला लागू लागते तेव्हाच, नऊला बंद होते. हिवाळ्यापुरती तरी ती अकरापर्यंत उघडी ठेवावी, ही कळकळीची विनंती. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर डॉक्टरांना दाखवावे; ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर