युतुख आणि आई

पुणे, सोमवार रात्र

प्रिय आई-बाबा,
सप्रेम जय ख्रिस्त.

रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं बाबा म्हणणार. पण फोन आईकडे गेला की ती "मी बरी आहे गं, तू जेवलीस का?" एवढंच विचारते आणि लगेच तो बाबांच्या हातात देते. पत्राचं तसं करता येत नाही. बाबांनी हे मोठ्याने वाचायचं, आईने पलंगावर बसून ऐकायचं. पलंगावर. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून नाही.

दादाने परवा सगळं सांगितलं. गुडघ्याच्या ऑपरेशनला नऊ दिवस झाले नाहीत तोवर ही बाई वॉकर घेऊन ओट्यापाशी. का, तर दूध उतू जात होतं! गेलं असतं उतू. अर्धा लिटर दूध आणि एक ओलं फडकं, एवढाच तो खर्च. आणि वर दादालाच म्हणालीस, "नुसतं बसून खायची लाज वाटते रे." हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

आई, तुझे रविवार मला वासाने आठवतात. पहाटे पाचला खोबरं-कांदा भाजल्याचा वास यायचा आणि अंथरुणातच कळायचं, आज रविवार. मिक्सर घरात आला तरी मटणाचा मसाला तू पाट्यावरच वाटायचीस. पहिली घंटा व्हायच्या आत मटण शिजलेलं, पीठ मळलेलं, बाबांचा शर्ट इस्त्री केलेला, माझ्या दोन वेण्या घातलेल्या. मग सगळ्यांत शेवटी तू, ओल्या केसांची, पिना तोंडात धरून साडी नेसणारी. देवळात पोचेपर्यंत पहिलं गीत सुरू झालेलं असायचं आणि तू चालता चालताच दुसऱ्या कडव्यापासून गायला लागायचीस. तुझ्या उपासना-संगीताच्या पानांवर अजून हळदीचे अंगठे आहेत. कोणती गीतं तुझी आवडती, ते अनुक्रमणिका न बघता सांगता येतं.

आणि मग उपदेश सुरू व्हायचा. पाळकसाहेब दुसऱ्या मुद्द्यावर आले की तुझी मान हळूहळू पुढे यायची. मी शेजारी बसलेली, मला मेली लाज वाटायची. मी कोपर मारायचे. तू दचकून डोळे उघडायचीस आणि जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने शास्त्राची पानं चाळायचीस. घरी आल्यावर बाबा हसून म्हणायचे, "काय युतुखबाई, आज कितव्या मजल्यावरून पडलात?" आम्ही सगळे हसायचो. तूही हसायचीस, भाकरी थापत थापत.

त्या युतुखाची गोष्ट मी मध्यंतरी पुन्हा वाचली, प्रेषितांच्या विसाव्या अध्यायातली. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला, खिडकीत बसलेल्या त्या तरुण मुलाला झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तो दिवसभर कुठे राबून आला होता, हे शास्त्रात लिहिलेलं नाही. पण पौल खाली धावला, त्याने त्याला कवटाळलं, मग वर जाऊन भाकर मोडली. झोपल्याबद्दल त्या पोराला कुणी एक शब्द बोलल्याची नोंद नाही. आई, ते कोपर मी परत घेते. आठवड्यातला तो एकच तास असायचा जेव्हा तू बसलेली असायचीस.

कारण घरी आल्यावर विसावा बाबांचा असायचा. बाबा, रागावू नका, पण रविवारी आम्हाला अभ्यास करायला मनाई, सुईत दोरा ओवायला मनाई, शेजारच्या पोरांशी क्रिकेटलाही मनाई, आज प्रभूचा दिवस म्हणून. आणि आई मात्र दुपारी तीन वाजता मोरीत बारा माणसांची भांडी घासते आहे. भांडी घासणं हे काम आहे असं आपल्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. मी पलंगावर पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत असायचे.

डोक्यात आलं ते गेल्या वर्षी, तेही एका नऊ वर्षांच्या मुलीमुळे. इथल्या शब्बाथ शाळेत मी दहा आज्ञा शिकवत होते. चौथी आज्ञा पोरांकडून पाठ करून घेत होते: त्या दिवशी तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, तुझा दास, तुझी दासी, तुझे पशू, तुझ्या वेशीतला उपरा, कुणीही काम करायचं नाही. ती मुलगी बोटांवर मोजत होती. मोजून झाल्यावर म्हणाली, "टीचर, यात आई कुठंय?"

मी गप्प. खरंच की. बैलसुद्धा आहे यादीत!

त्या रात्री मी बाबांना फोन केला होता, आठवतंय? बाबा म्हणाले, "अगं, 'तू' म्हणजे नवरा-बायको दोघंही. ती दोघं एकदेह आहेत ना, मग वेगळं नाव कशाला?" पटलं मला ते. पण बाबा, पटलं म्हणूनच आता तुम्ही अडकलात. आई जर त्या 'तू'मध्ये असेल, तर आज्ञा तिलाही आहे आणि ती मोडायला आपण तिला जन्मभर मदत केली. शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकात तर हीच आज्ञा परत देताना कारणही सांगितलंय: तुझ्या दासदासींनाही तुझ्यासारखा विसावा मिळावा, तू स्वतः मिसरात दास होतास याची आठवण ठेव. जो राबून आलाय त्याने तरी दुसऱ्याला राबवू नये, असा मला त्याचा अर्थ लागतो.

आता तू मार्थेचं नाव काढणार, मला माहीत आहे. "मी मार्था आहे बाई, मला मरिया होता येत नाही," हे तुझं ठरलेलं वाक्य. प्रभू घरी आला तेव्हा मार्था कामात राबत होती आणि तिची बहीण मरिया त्याच्या पायाशी बसून ऐकत होती, ती गोष्ट. पण मार्थेची गोष्ट आपण लूकच्या दहाव्या अध्यायातच सोडून देतो. पुढे योहानात तिचा भाऊ मेल्यावर तीच उठून प्रभूला सामोरी जाते आणि "तू देवाचा पुत्र ख्रिस्त आहेस" हे तीच बोलून दाखवते. पेत्राने दिलेलीच कबुली. आणि बाराव्या अध्यायात, बेथानीतल्या त्या जेवणाच्या वेळी, मार्था काय करते आहे? वाढते आहे! आणि या वेळी तिला कुणी काही म्हणत नाही. म्हणजे भाकरी थापण्यावर प्रभूचा राग कधी नव्हताच. जिवाची दगदग करू नकोस, एवढंच त्याने तिला सांगितलं होतं, तेही दोनदा नाव घेऊन, लाडाने.

एक गोष्ट तुम्हाला दोघांना कधी नीट सांगितली नव्हती. धाकटी झाली तेव्हाची. मोठा चार वर्षांचा, हिला रात्रभर पोटशूळ, ह्यांची रात्रपाळी. मी सकाळी मोरीचं दार लावून उलट्या बादलीवर बसायचे आणि नळ सोडून रडायचे, बाहेर आवाज जाऊ नये म्हणून. प्रार्थना बंद झाली होती. शास्त्र उघडलं तर अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. मंडळीतल्या एका बाईंना धीर करून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "आईपण ही देवाने दिलेली सेवा आहे, सेवेत थकवा म्हणायचा नसतो. विश्वास कमी पडतोय." मी घरी आले आणि त्यानंतर सहा आठवडे देवळात गेले नाही.

मग एका बुधवारी तू आलीस. न सांगता, तारकपूरहून एसटीने, पिशवीत बाजरीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि डिंकाचे लाडू घेऊन. दारात माझ्याकडे एकदा पाहिलंस. वचन सांगितलं नाहीस, "प्रार्थना करतेस का?" विचारलं नाहीस. पोरगी माझ्या हातातून घेतलीस, गरम भाकरी कुस्करून त्यात दूध घालून ताट पुढे केलंस आणि म्हणालीस, "खा. आणि नीज." मी निजले ती चारला उठले. तू परत खायला दिलंस. मी परत निजले. दुसऱ्या दिवशीही तेच.

पुष्कळ महिन्यांनी एलीयाची गोष्ट वाचताना मी एकदम थांबले. पहिल्या राजांचा एकोणिसावा अध्याय. ईजबेल राणीच्या भीतीने पळालेला तो एवढा मोठा संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, मला मरण दे. आणि देव त्याला काय पाठवतो? देवदूत येतो, हलवून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो आणि तेच म्हणतो, वर एवढंच की तुला लांबचा पल्ला गाठायचाय. उपदेश नाही, झाडाझडती नाही. "तू इथे काय करतोस?" हा प्रश्न देवाने विचारला, पण चाळीस दिवसांनंतर, होरेबावर. आधी दोन वेळचं जेवण आणि दोन झोपा.

आई, माझ्या रतामाच्या झुडपाखाली तू आली होतीस. तीही आपल्या नगरच्या एसटीने, शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास अडकून.

तेव्हा आता "नुसतं बसून खायची लाज वाटते" हे माझ्यासमोर बोलायचं नाही. मी दोन दिवस नुसतं बसूनही नाही, निजून खाल्लं होतं, आणि खायला घालणारी तू होतीस. तेव्हा तुला माझी लाज वाटली होती का?

बाबा, थोडं तुमच्याशी. मातृदिनाच्या भक्तीत दरवर्षी नीतिसूत्रांतली सद्गुणी स्त्री वाचतात. रात्र असतानाच उठते, रात्री तिचा दिवा मालवत नाही. सगळ्या बायका माना खाली घालून ऐकतात आणि मनात मोजत असतात, आपण कुठे कमी पडलो. मूळ इब्रीत त्या बावीस ओळींची सुरुवात एकेका अक्षराने होते, अलेफपासून तावपर्यंत, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणजे ते अ ते ज्ञ असं रचलेलं गौरवगीत आहे, कुणा बाईच्या एका दिवसाचं वेळापत्रक नव्हे. शिवाय त्याच बाईच्या घरी दासी होत्या, पंधराव्या ओवीत स्पष्ट लिहिलंय. आमच्या आईकडे कोण होतं? आणि ज्या सुलैमानाच्या नावावर नीतिसूत्रं आहेत त्याच्याच नावाचं एकशे सत्ताविसावं स्तोत्र पहाटे उठून उशिरा निजण्याला व्यर्थ म्हणतं. देव आपल्या माणसांना झोपेतही देतो, असं सांगतं. ते मातृदिनाला कुणी वाचत नाही. तुम्ही मंडळीचे वडील आहात, यंदा सुचवून बघा ना.

पंडिता रमाबाईंच्या आईची गोष्ट तुम्ही आम्हाला लहानपणी सांगायचात. दिवसभर घरकामातून सवड नाही, म्हणून लक्ष्मीबाई डोंगरे पहाटे अंधारात पोरीला प्रेमाने उठवून संस्कृत शिकवायच्या, पाखरं बोलायला लागायच्या वेळेला. तेव्हा मला त्या मुलीचं कौतुक वाटायचं, हल्ली आईची झोप आठवते. पुढे त्या मुलीने केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, अख्खं पवित्र शास्त्र मराठीत आणलं, १९२२ साली जाईपर्यंत त्याच कामात होती. मुळाशी एका बाईची मोडलेली झोप. हे मोठंच आहे, पण त्या बाईला दुपारी कुणी तासभर पडू दिलं असेल का, असं वाटून जातं.

तर आता कामाचं. मी शनिवारी सकाळी सातच्या गाडीने निघते, दहापर्यंत पोचेन. पोरंही येताहेत. मसाला इथूनच वाटून आणते, मिक्सरवरचा आहे, नाक मुरडायचं नाही. रविवारचा स्वयंपाक मी आणि दादा करू, भांडी जावई घासतील, त्यांनी स्वतःहून कबूल केलंय. वहिनीलाही सुट्टी. आईला देवळात न्यायला रिक्षा सांगून ठेवा, दोन पायऱ्या चढताना दादा धरेल. तिला कडेच्या बाकावर बसवू, पाय लांब करता येईल असं. ती जुनी उशी घेऊन या, पाठीला.

बाबा, तोवर सकाळचा चहा तुम्ही करायचा. आलं किसणीवर किसायचं, ठेचायचं नाही, तिला कण लागलेले आवडत नाहीत. साखर अर्धा चमचा. दूध तापायला ठेवलं की तिथेच उभं राहायचं, ज्ञानोदयचा अंक नंतर वाचा.

आणि आई, उपदेशात मान पुढे आली तर येऊ दे. मी शेजारीच असेन, खांदा देते.

तुमची,
बाळी

ता. क. धाकटी विचारते आहे, आजीच्या नव्या गुडघ्याला नाव काय ठेवलंय. तिच्या मते युतुख.