काकू, त्या ३,६०० रुपयांबद्दल

प्रिय काकू,

हे पत्र तुमच्या हाती न देता सगळ्यांसमोर लिहिते आहे. माझ्यासारख्या भ्यायलेल्या कितीतरी मुली चर्चच्या मंडळ्यांमधून बसत असतील, त्यांनीही ते वाचावं. तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा माझा पगार १८,००० होता. औषधं, फिजिओथेरपी, दिवसभराची बाई, यांत दोन महिने दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा पगाराचा दहावा भाग, राहिला. प्रार्थनेच्या गटात एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, देवाचं देणं थकवल्यावर घरात आजार नाही तर काय येणार? खरं तर आई आधी पडली होती, दशांश नंतर थकला होता. तरी मला ते पटलं. तोवर मी उपास, बायबलचे अध्याय, पहाटेची प्रार्थना, सगळं वहीत मांडायला लागले होते. एक खाडा पडला की दिवसभर छातीत धडधड.

म्हणून भर पावसात सुदामा नगरहून रिक्षा करून छावणीत तुमच्याकडे आले ते ३,६०० रुपये उसने मागायला. औषधांसाठी नाही, दशांशाच्या पाकिटासाठी!

तुम्ही जिरं निवडत होता. ताट तसंच मांडीवर ठेवून म्हणालात, “पुदिना, शेप आणि जिरं यांचासुद्धा दशांश देणाऱ्यांना येशू काय म्हणाला, आठवतं?” बायबलमधला मत्तय २३ काढलात. दशांश चुकीचा आहे असं तो तिथे म्हणत नाही, हेही सांगितलंत. पण न्याय, दया आणि विश्वास सोडून दिल्याबद्दल तो त्यांच्यावर संतापलेला आहे. मग मार्क ७: आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात वर करणारी माणसं. ते वाचताना माझे कान तापले. आईची गोळी मी दोन दिवस पुढे ढकलली होती, हे तुम्हाला तेव्हा ठाऊकही नव्हतं.

शेवटी जुन्या करारातलं अनुवाद नावाचं पुस्तक, अध्याय १४. दर तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच साठवायचा, आणि लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरी, अनाथ नि विधवा यांनी तो पोटभर खायचा. “तुझ्या घरात विधवा आहे गं,” तुम्ही म्हणालात, “नियमशास्त्रच धरायचं तर पाकीट तुमच्या दारी यायला हवं होतं.” मी तिथेच रडले.

चर्चमध्ये आमची उपासना हिंदीत. हे सगळं आपल्या भाषेत ऐकलं म्हणूनही ते इतकं आत गेलं असावं.

त्यानंतरच्या गुरुवारी गलतीकरांस पत्र वाचायला घेतलंत. अंत्युखियात येशूचा शिष्य पेत्र आधी परजातीयांबरोबर, म्हणजे यहूदी नसलेल्यांबरोबर, जेवत होता, पण याकोबाकडची माणसं आल्यावर घाबरून बाजूला झाला, आणि पौलाने त्याला तोंडावर दोष दिला. पेत्रासारखा पेत्र लोकांना भ्याला! पंडिता रमाबाईंचंही तुम्हीच सांगितलंत. १८८३ मध्ये बाप्तिस्मा झाला, धर्म मिळाला, पण ख्रिस्त सापडायला त्यांना पुढे कित्येक वर्षं लागली. ते ऐकून मला फार धीर आला.

मी विचारलं होतं, मग काहीच दिलं नाही तरी चालेल का? तुम्ही हसलात. “बापाच्या घरात आहेस तू. उधळ्या पुत्राच्या गोष्टीतल्या मोठ्या मुलासारखी चाकरीचा हिशेब का मांडतेस? आनंद होईल तेव्हा दे, होईल तेवढं दे.” आणि दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातली आमची उधारी भरून आलात. पाकिटासाठी मात्र एक रुपया दिला नाहीत.

काकू, आता मी देते. कधी १,०००, कधी त्याहून जास्त, या महिन्यात शेजारच्या मुलाची फी भरली. वही बंद आहे. पहाटे उठते तेव्हा प्रार्थनेत खरंच बोलते, आणि नाही उठले तर दुपारी बोलते.

आई काठी टेकत चालते. नाताळच्या करंज्या या वेळी तिनेच भरल्या. तुमचा डबा वेगळा काढून ठेवलाय, रविवारी उपासनेनंतर घेऊन येतो आम्ही दोघी.

तुमची,
सुदामा नगरची पोर